'एस्टॅब्लिश' : एक शब्द, तीन अर्थ

विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात 'एस्टॅब्लिश' हे क्रियापद वारंवार भेटते. 'स्थापन करणे' हा एकच अर्थ पाठ करून मात्र भागत नाही.

हा शब्द लॅटिन 'स्टॅबिलिस', म्हणजे स्थिर, यापासून आला. आपल्या 'स्थापना'तील 'स्था' धातूचे आणि त्याचे मूळ एकच आहे. टिकून उभे राहणे हा या शब्दाचा गाभा होय.

पहिला अर्थ संस्थेचा. बारामती तालुक्यात माळेगाव येथे 2009 साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. दुष्काळ, उष्णता, खारी जमीन यांचा पिकांवर पडणारा ताण कसा कमी करावा, याचा अभ्यास तेथे चालतो. येथे 'एस्टॅब्लिश्ड' योग्य. पण गणपतीची स्थापना करणे किंवा विहिरीवर पंप बसवणे याला इंग्रजीत 'इन्स्टॉल' म्हणतात.

दुसरा अर्थ सजीवांचा. उसाची टिपरी लावली की डोळा फुटतो. कोंब आरंभी टिपरीतील अन्नावर व टिपरीच्या मुळांवर जगतो. पुढे त्याला स्वतःची मुळे फुटतात. तेव्हा रोप 'एस्टॅब्लिश' झाले, म्हणजे जमिनीत रुजले. नुसते उगवणे म्हणजे रुजणे नव्हे! इंदापूरजवळ उजनी जलाशयात मिळणारा चिलापी मासा मूळचा आफ्रिकेचा. 1952 साली तो भारतात आणला गेला. हे झाले 'इंट्रोड्यूस'. आणणाऱ्याच्या मदतीवाचून तो येथे पिढ्यान्‌पिढ्या वाढू लागला, तेव्हा तो 'एस्टॅब्लिश' झाला.

तिसरा अर्थ सिद्ध करण्याचा. एका रानात उसाची नवी जात जोमदार आली, एवढ्याने ती श्रेष्ठ ठरत नाही. कदाचित जमीन कसदार असेल, पाणी जास्त मिळाले असेल. म्हणून जुनी व नवी जात सारख्या जमिनीत शेजारी शेजारी लावावी, दोहोंना सारखेच खतपाणी द्यावे आणि हाच प्रयोग निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत करावा. निष्कर्ष दर वेळी टिकला, तरच तो 'एस्टॅब्लिश' झाला असे म्हणता येते.

म्हणून पुस्तकात 'एस्टॅब्लिश्ड फॅक्ट' असे वाचले की लगेच विचारा : हे कोणत्या प्रयोगाने, कशावरून ठरले?

स्वाध्याय : पुढील वाक्यांत 'एस्टॅब्लिश' कोठे चालेल व कोठे नाही?
1. शाळेत विज्ञान मंडळ स्थापन झाले.
2. वर्गात पंखा बसवला.
3. डाळिंबाचे कलम शेतात रुजले.
4. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, हे सर्वत्र खरे नाही, असे सिद्ध झाले.