दुर्गम उत्तरेतील रेडिओ केंद्र : एक अभ्यास

अमेरिकेच्या अलास्का राज्यात कुस्कोक्विम नदीकाठी बेथेल हे गाव आहे. बाहेरून तेथे एकही रस्ता जात नाही. हिवाळ्यात गोठलेली नदीच आसपासच्या गावांचा रस्ता होते.

अशा गावी १९७१ साली के.वाय.यू.के. हे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याचे कार्य दुहेरी आहे. पहिले, ते इंग्रजीबरोबरच युपिक या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत बातम्या देते. दुसरे, ते बर्फ, पूर व वादळ यांची खबर देते. नदीवरून प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने ही खबर म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होय.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे ११० कोटी डॉलरचे अनुदान रद्द केले. या केंद्राचा बहुतांश खर्च त्यातूनच भागत असे. पुढे ऑक्टोबरमध्ये ‘हालोंग’ वादळाच्या अवशेषांनी किपनुक व क्विगिलिंगोक ही गावे उद्ध्वस्त केली. हजाराहून अधिक लोक बेघर झाले. तेव्हाही हे केंद्र दोन्ही भाषांत माहिती देत होते.

श्रोते मोजके, म्हणून जाहिराती मोजक्या. मग लहान समाजाला त्याच्या भाषेत धोक्याची सूचना देण्याचा खर्च कोणी उचलावा? विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.