विंचूदंश : निरीक्षणापासून उपचारापर्यंत

कोकणच्या जांभ्या मातीत, दगडांच्या खाली, सरपणाच्या ढिगात आणि भाताच्या पेंढ्यात वावरणारा लाल विंचू आकाराने लहान असतो. दिसावयास थोराड अशा काळ्या विंचवाच्या मानाने तो क्षुल्लक वाटतो. परंतु प्राणघातक ठरतो तो हाच. फॅब्रिशियस या प्राणिशास्त्रज्ञाने १७९८ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तथापि त्याच्या दंशाने माणूस नेमका कशामुळे दगावतो, हे कळण्यास पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

१९७० नंतरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर हे महाड परिसरात शासकीय वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करू लागले. विंचूदंशाचे रुग्ण हृदय निकामी होऊन व फुफ्फुसात पाणी साचून दगावत असल्याचे त्यांना दिसले. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब व लक्षणे यांची तासातासाने नोंद ठेवली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना होय, हा त्यांचा निष्कर्ष १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दंशाच्या जागी तीव्र वेदना होत असून अन्य लक्षणे नसतील तर धोका बहुधा कमी असतो. याउलट, वेदना थोडी पण घाम व उलट्या सुरू, असा रुग्ण अधिक चिंताजनक समजावा.

यामागील कारण जीवरसायनशास्त्राने स्पष्ट केले आहे. विषातील सूक्ष्म प्रथिने मज्जातंतूंच्या पेशींवरील सोडियमचे मार्ग उघडे ठेवतात. त्यामुळे मज्जातंतू अखंड उत्तेजित राहून अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर असह्य भार पडतो.

कारण कळले म्हणजे उपायाची दिशाही दिसते. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध आकुंचित रक्तवाहिन्या सैल करते. तेच या रुग्णांना देऊन डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी उपचाराची नवी वाट दाखविली; त्यासंबंधीचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. हे प्रमाण पुढे सुमारे १ टक्क्यावर आले. महागडी यंत्रसामग्री नसलेल्या आरोग्य केंद्रातही देता येईल अशी ही स्वस्त गोळी आहे, हे विशेष.

संशोधन तेथेच थांबले नाही. घोड्यांना अल्प मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार करतात. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दांपत्याची ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले; केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या संशोधनाचे फळ रुग्णाच्या पदरी पडणे मात्र वेळेवर अवलंबून आहे. मंत्र, गंडेदोरे व झाडपाल्यात गेलेले पहिले काही तास परत मिळत नाहीत आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ते फार मोलाचे असतात. दंश झालेल्यास धीर देऊन, फार चालू न देता, थेट आरोग्य केंद्रात न्यावे. औषधाची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, म्हणून ते घेतलेल्या रुग्णास एकदम उठवून बसवू नये. केंद्रात ही औषधे शिल्लक आहेत की नाहीत, याची चौकशी पंचायत सदस्यांनी उन्हाळ्यापूर्वीच करावी. शिक्षकांनी पादत्राणे झटकून घालणे, रात्री दिवा घेऊन चालणे या सवयी मुलांना लावाव्यात. प्रयोगशाळेत व रुग्णालयात सिद्ध झालेले ज्ञान गावाच्या वेशीपर्यंत पोहोचले, तरच त्याने माणूस वाचतो.