यादी मागणाऱ्या भाचीस



मनावर कायमचा ठसा उमटवतील अशा दहा पुस्तकांची यादी तू उंब्रजहून मागितलीस. मामा ती देणार नाही. दुसऱ्याच्या यादीवरून फार तर खरेदी होते. त्यापेक्षा आपल्याच मुलखातल्या वाचकांना पुस्तकं कशी भेटली ते ऐक.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. पुढे मुंबईत १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. ते वाचून मुलगा नुसता भारावून गेला नाही. घरी वडील रामायण-महाभारत आग्रहानं वाचून घेत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची अवहेलना येते, ते आपण का वाचायचे, असं त्यानं थेट वडिलांनाच विचारलं. वडिलांना प्रश्न आवडला नाही. याच भीमरावांनी, म्हणजे बाबासाहेबांनी, १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना केळुसकरांची ती भेट आठवणीनं नोंदवली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मधल्या एकोणपन्नास वर्षांत त्यांनी ग्रंथांचे डोंगर उपसले होते, हे विसरू नकोस. एका पुस्तकानं आयुष्य बदललं असं कुणी छातीठोक सांगू लागलं, की मामाला जरा शंकाच येते.

वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना तर शाळा जेमतेमच लाभली. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून त्यांनी अक्षरं पक्की केली, आणि १९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी आली.

आता तुझ्या वयाचा वाचक. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत होते. १९३२ साली झेंडावंदन केलं म्हणून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅट्रिक व्हायची होती ती राहिली बाजूला, आणि येरवड्याच्या बराकीत निराळीच शाळा भरली. आचार्य भागवतांसारखी विद्वान माणसं तिथं होती. कालिदासापासून मार्क्सपर्यंत चर्चा चाले. विशीही न गाठलेल्या पोराला शेजारच्याचं मत रोज ऐकावं लागे आणि आपलंही मांडावं लागे. ते वाचन मुरलं, याचं श्रेय पुस्तकांइतकंच त्या वादांना आहे, असं मामाला वाटतं. तू मात्र खोलीचं दार लावून वाचतेस आणि आईनं विचारलं तर "छान आहे" एवढंच सांगतेस!

तेव्हा एक कर. 'कृष्णाकाठ' आण. यशवंतरावांच्या आत्मचरित्राचा हा पहिला खंड १९८४ सालचा. ठरवलेले पुढचे दोन पुरे व्हायच्या आधीच ते गेले. तारळी पोटात घेऊन कृष्णा उंब्रजहून ज्या कराडला जाते, तिथलंच बालपण त्यात आहे, म्हणून गावंही ओळखीची लागतील. कराडला कॉलेजला जातेसच, तर एखाद्या दुपारी वेणूताई चव्हाण स्मारकात डोकाव. यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तिथं जपलेला आहे. राजकारण्याच्या कपाटात कादंबऱ्या कोणत्या होत्या, ते बघ.

पहिल्या पानावर तारीख घाल. पटलं नाही तिथं पेन्सिलीनं खूण कर. पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत लिही. दिवाळीला आजोळी येशील तेव्हा त्या खुणा घेऊन ये. आजोबा काँग्रेसचे, मामा नाही. भांडायला माणसं भरपूर आहेत.

तुझा,
मामा