सातबारा मागे मागे वाचावा

आपल्या मंडळ्यांतून जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या भागांतल्या पाड्यांवर जाणाऱ्या बंधुभगिनींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. औषधे देऊन होतात, मुलांच्या वह्या वाटून होतात, आणि मग घरातले कोणी वडीलधारे माणूस पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद बाहेर काढते. "बघा जरा, जमीन आमच्याच नावावर आहे ना?" बहुतेक जण कागद उलटसुलट करून "तलाठ्याला विचारा" असे सांगतात आणि पिशवी परत देतात. मी नोकरीची सगळी वर्षे महसूल खात्यात काढली आणि निवृत्तीनंतर हेच कागद वाचून देतो. माझा अनुभव असा की ज्याला मराठी नीट वाचता येते आणि ज्याच्याकडे एक दुपार आहे, त्याला हे काम जमते. वकिलाची गरज पुढे लागते, पहिल्या दिवशी नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. महसूल नोंदी मुळात सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी ठेवल्या गेल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणून सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे एवढे पाहून थांबू नये. ते नाव तिथे कधी आणि कशाच्या आधारे आले, त्याआधी कोणाचे होते, हे पाहावे. सातबारा पुढून मागे वाचायचा असतो.

उतारा मिळवायचा कसा

शासनाच्या भूलेख महाभूमी या संकेतस्थळावर कोणताही सातबारा विनामूल्य पाहता येतो. महसूल विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक टाकायचा. क्रमांक ठाऊक नसेल तर नावावरूनही शोधता येते. पाड्यांवर अडचण होते ती इथेच. एकाच माणसाचे नाव एका कागदावर 'बुधा', दुसऱ्यावर 'बुध्या', तिसऱ्यावर 'बुधाजी' असते, आणि आडनाव तर शाळेत जाणाऱ्या नातवाने पहिल्यांदा लावलेले असते. जुन्या नोंदीत नुसते 'अमक्या तमक्याचा' असे बापाचे नाव असते किंवा जातच आडनावाच्या जागी लिहिलेली असते. त्यामुळे नावाने शोधताना निदान चार-पाच प्रकारे लिहून पाहावे. 'सापडले नाही' म्हणजे 'जमीन नाही' असा अर्थ कुटुंबाला सांगू नये.

संकेतस्थळावरचा फुकट उतारा माहितीपुरता असतो. कचेरीत दाखवायचा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. त्याला १५ रुपये पडतात. त्याच वेळी गाव नमुना ८-अ सुद्धा काढावा, याला खातेउतारा म्हणतात. सातबारा एका गटाचा असतो. ८-अ मध्ये एका खातेदाराचे त्या गावातले सगळे गट एकत्र येतात. आजोबांच्या नावावर तीन तुकडे होते आणि घरच्यांना दोनच माहीत होते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

सातबारा हे दोन नमुने एकत्र छापलेले असतात. नमुना ७ हा हक्कांचा, नमुना १२ हा पिकांचा. नमुना ७ वर प्रथम भूधारणा पद्धती पाहा. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन सामान्यतः विनाअट. 'वर्ग २' म्हणजे शासनाने दिलेली किंवा काही अटींची, हस्तांतरणाला परवानगी लागणारी. मग क्षेत्र. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. ०.८१.०० म्हणजे ८१ आर, साधारण दोन एकर. जुनी माणसे एकर-गुंठ्यातच बोलतात, म्हणून हा हिशेब तिथल्या तिथे करून सांगावा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि एक गुंठा जवळजवळ एक आर. कागदावरचे क्षेत्र ऐकून म्हातारी माणसे लगेच सांगतात, "एवढी नाही, जास्त होती." ते वाक्य लिहून ठेवावे, पुढे उपयोगी पडते.

नावांच्या रकान्यात काही नावांना कंस असतो किंवा त्यांवर आडवी रेघ असते. ती नावे कमी झालेली आहेत. नावाच्या शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, आणि उताऱ्याच्या तळाशी 'जुने फेरफार क्रमांक' म्हणून एक ओळ असते. नवखा माणूस ही ओळ सोडून देतो. मी ती सर्वांत आधी वहीत उतरवतो.

'ए.कु.मॅ.' ही अक्षरे दिसली तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्याचा अर्थ. म्हणजे थोरल्या भावाचे नाव सगळ्या कुटुंबाच्या वतीने लागले आहे. धाकटे भाऊ, बहिणी, विधवा भावजय यांची नावे तिथे नाहीत. पुढे मॅनेजरच्या मुलांना वाटते की जमीन एकट्या बापाची होती. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अर्थात नोंद झाली तेव्हा वारस लहान होता. तो आता साठीचा असेल, पण अक्षरे तशीच राहिलेली असतात.

इतर अधिकाराचा रकाना लोक वाचत नाहीत, आणि आदिवासी कुटुंबाच्या दृष्टीने तोच अनेकदा सर्वांत महत्त्वाचा असतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीचा हिस्सा, वाट, आणि आदिवासीची जमीन हस्तांतरित करण्यास बंदी असल्याचा शेरा हे सगळे तिथे येते. हा शेरा नसला तरी कायद्याचे बंधन असतेच, हे मात्र ध्यानात ठेवावे.

फेरफाराचा माग

फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तिथे क्रमांक आणि तारीख पडते. बदल कशाने झाला (वारस, खरेदी, वाटणी, हक्कसोड, बक्षीस, कुळकायदा, बोजा), कोणते गट त्यात आले, आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्याचा शेरा: मंजूर की रद्द. अलीकडचे फेरफार संगणकावर मिळतात. जुने तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, तिथे नकलेसाठी अर्ज करायचा. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पाड्यावर तलाठीच म्हणतात आणि मीही तसेच लिहितो.

एक कुटुंबाचा माग सांगतो, म्हणजे पद्धत कळेल. पालघर जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावी एक वारली आजी आपल्या मुलांसह भात आणि नागली करते. सातबाऱ्यावर नाव मात्र तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बिगरआदिवासी कुटुंबाचे. शहरातून कोणी जागा बघायला येऊ लागले, तेव्हा आजीच्या मुलाने विचारणा केली. आम्ही तळाच्या ओळीतले फेरफार एकेक काढले. सर्वांत वरचा, अलीकडचा, त्या बिगरआदिवासी कुटुंबाच्या वारसांचा. त्याखालचा १९७९ चा. त्यात लिहिले होते की मूळ खातेदाराने वर्दी दिली की जमीन अमक्यास दिली आहे, सबब त्याचे नाव लावावे. खाली अंगठा. नोंदणी केलेल्या खरेदीखताचा क्रमांक नाही, परवानगीचा उल्लेख नाही. त्याच्याही मागचा फेरफार कुळकायद्याचा. आजीचा सासरा कूळ होता आणि जमिनीची किंमत भरून मालक झाला होता. घरच्यांना हे तिन्ही नवे होते. त्यांना एवढेच आठवत होते की सासऱ्याने लग्नासाठी पैसे आणि भात उसने घेतले होते.

आता १९७९ या सालाला महत्त्व का? महसूल संहितेत कलम ३६-अ आले आणि ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्याला बंधन आले. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्री, बक्षीस, अदलाबदल अशा बाकी व्यवहारांना राज्य शासनाच्या मान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची. परवानगीवाचून झालेल्या व्यवहाराची चौकशी जिल्हाधिकारी स्वतःहूनही करू शकतात. त्याआधीच्या काळासाठी वेगळा कायदा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या दरम्यान गेलेल्या जमिनी आदिवासींना परत देण्याचा कायदा १९७४ सालचा असून तो १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. त्याला आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तो वैध ठरवला. १ एप्रिल १९५७ ही तारीख कुळकायद्यातल्या कृषक दिनाची आहे. कसणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे मालक मानले गेले, आणि त्याच दिवसापासून ती जमीन पुन्हा हातची जाऊ लागली, असे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर दिसते.

तेव्हा फेरफाराची तारीख पाहिल्याशिवाय कोणता कायदा लागू हे सांगता येत नाही. म्हणूनच मी माग काढण्यावर इतका भर देतो. आजीच्या प्रकरणात अर्ज दाखल झाला आहे, निकाल अजून लागलेला नाही.

याच्या जोडीला नमुना १२ चे जुने उतारे घ्यावेत. त्यात पूर्वी जमीन करणाऱ्याचे नाव आणि 'रीत' असे रकाने असत. नाव दुसऱ्याचे आणि कसणारा वर्षानुवर्षे आपला माणूस, हे त्यावरून दिसते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोनवरून पीक नोंदवतो. सोय चांगली आहे, पण ज्या घरात बरा फोन नाही त्या घरच्या वतीने दुसराच कोणी नोंद करतो, हेही मी पाहिले आहे. आपले तरुण पाड्यावर जातात तेव्हा हंगामात ही नोंद कुटुंबासमोर बसून करून द्यावी.

गट क्रमांकाचा एक घोळ राहतो. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. म्हाताऱ्यांच्या पेटीतल्या कागदावर सर्व्हे क्रमांक आणि आजच्या उताऱ्यावर गट क्रमांक, म्हणून 'ही आमची नव्हेच' असे वाटते. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात दोन्ही जुळवून मिळतात आणि गटाचा नकाशाही मिळतो. खरेदीखत झाले असल्याची शंका असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात इंडेक्स टूचा शोध घ्यावा. बहुतेक पाड्यांवरच्या प्रकरणांत तिथे काहीच सापडत नाही, आणि काही न सापडणे हाही पुरावाच असतो.

वनहक्काच्या जमिनीचे गणित निराळे. २००६ च्या कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो, पण तो विकता येत नाही, कोणाला देता येत नाही. विवाहित असल्यास तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. पट्ट्यावर पत्नीचे नाव आहे ना, एवढे तरी प्रत्येक घरी पाहावे.

आणि वारस नोंद. माणूस वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. पाड्यांवर मृत्यूचा दाखलाच काढलेला नसतो, मग नोंद कुठली होणार? दोन-दोन पिढ्या आजोबांचेच नाव राहते. अशा जमिनीवर बाहेरच्याचे लक्ष आधी जाते, कारण नोटीस कोणाच्या नावे काढायची हेच ठरत नाही. नवा फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. 'आपली चावडी' या शासकीय संकेतस्थळावर त्या नोटिसा गाववार पाहता येतात. महिन्यातून दोनदा आपल्या भेटीच्या गावांची चावडी उघडून पाहणे हे घरबसल्या करता येण्यासारखे काम आहे. ज्या भगिनींना प्रवास झेपत नाही त्यांनी ते जरूर उचलावे. मुदत टळून फेरफार मंजूर झाला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, त्याला ६० दिवसांची मुदत आहे.

यिर्मयाने अनाथोथचे शेत घेतले तेव्हा मोहर केलेले आणि उघडे अशी दोन खते मातीच्या भांड्यात ठेवायला लावली होती, हे आपण सर्वांनी वाचले आहे. पाड्यावरची पेटी म्हणजे ते भांडेच. म्हणून मूळ कागद कधीही घेऊन येऊ नका, विश्वासाने दिले तरी नाही. फोनवर फोटो काढा आणि पेटी त्यांच्यासमोर बंद करून द्या. 'जरा सही हवी' म्हणून आलेल्या कोऱ्या कागदावर किंवा साठेखतावर अंगठा देऊ नये, हेही त्याच वेळी घरातल्या सर्वांना, सुनांनासुद्धा, सांगावे.

ज्यांना फेरफार वाचताना अडचण येईल त्यांनी फोटो आमच्या कार्यालयात पोहोचते करावेत, सोबत गाव, गट क्रमांक आणि घरच्यांनी तोंडी सांगितलेली हकीकत लिहावी. मोडीतले कागद निघाले तरी टाकू नयेत. आपल्यातल्या एक वयस्कर भगिनी मोडी वाचतात.