गाणं चढवण्याआधी दोघींना विचार

पोरी, कोळीवाड्याच्या वेबसाइटचं काम तू अंगावर घेतलंस, बरं केलंस. सारसोळे म्हटलं की लोकांना पाम बीच रोड आणि जेट्टी एवढंच आठवतं. नेरूळच्या सेक्टरांच्या आकड्यांत एक गाव आहे आणि ते १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली त्याच्या कितीतरी आधीपासून खाडीवर जगतंय, हे त्यांना कोण सांगणार? लग्नाच्या विधींत गायचे धवले, होळीची गाणी, नारळी पौर्णिमा, बामणदेवाचा भंडारा. यातलं निम्मं फोटोत मावत नाही, त्याला आवाज लागतो. माझं आयुष्य लाउडस्पीकर, कॅसेटी आणि लग्नाच्या शूटिंगमध्ये गेलं, म्हणून चार गोष्टी सांगतो.

सगळ्यांचं सार आधीच सांगून टाकतो. गाणारी आणि ऐकणारी, अशा दोघींच्या मध्ये तू उभी आहेस. गाणारीला विचारल्याशिवाय तिचा आवाज बाहेर न्यायचा नाही आणि ऐकणारीला विचारल्याशिवाय तो तिच्या कानात घालायचा नाही. बाकीचं तंत्र यातूनच निघतं.

आधी आवाज धर

चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात. आवाज फाटला की बोट मागे जाण्याच्या बटणावर जातं. म्हणून व्हिडिओ करायचा असला तरी पहिली काळजी आवाजाची.

जेट्टीवर उभं राहून गाणं घ्यायचा मोह आवर. दिसायला छान, पण खाडीचा वारा मोबाइलच्या माइकवर घुसला की धवल्याच्या जागी नुसता घरघराट उरतो. गाणं घरात घे. नुसत्या टाइल्सची रिकामी खोली नको, आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली उत्तम. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारच्या कुकरची शिट्टी होईपर्यंत थांबायचं. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर ऐन गाण्यात कुणाचा तरी फोन येतो.

मोबाइल घडी घातलेल्या गोधडीवर ठेव, म्हणजे टेबलाचे हादरे त्यात शिरत नाहीत. गाणारीच्या तोंडापासून दीड-दोन वीत अंतर आणि थोडा बाजूला, म्हणजे 'फ' आणि 'भ'ची फुंकर माइकवर आदळणार नाही. धवलारीण, म्हणजे धवले गाणारी, पुढे गाते आणि बाया मागून ओढतात, तेव्हा मोबाइल धवलारणीच्या जवळ हवा. मागच्या बायांचा आवाज आपोआप येतो, धवलारणीचे शब्द आपोआप येत नाहीत.

आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ देऊ नकोस. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. पहिलं मिनिट घेऊन झालं की थांब, इअरफोन लावून ऐक आणि मगच पुढे जा.

आणखी एक. गाणं सुरू होण्याआधी सगळ्यांना दहा सेकंद गप्प बसव आणि ती शांतता रेकॉर्ड कर. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याला त्या खोलीची रिकामी गुणगुण दाखवली की तेवढीच गुणगुण ते सगळ्या गाण्यातून वजा करतं. जास्त वजा करू नकोस, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो.

खाडीचे आवाज वेगळ्या फाइलमध्ये, वारा पडलेला असताना घे: भरतीचं पाणी, होडीचं इंजिन, हिवाळ्यात फ्लेमिंगोंचा कलकलाट. गाण्याच्या आधी ते दहा सेकंद लावलेस तर ऐकणाऱ्याला गाव कळतं. गाण्याच्या खाली मात्र लावू नकोस, शब्द बुडतात.

व्हिडिओ घ्यायचा तर मोबाइल आडवा धर आणि खिडकी तुझ्या पाठीशी ठेव. खिडकी गाणारीच्या मागे गेली की तिचा चेहरा काळा पडतो.

गाणारीचा शब्द

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्यांदा तिला तिच्याच तोंडून नाव, गाव आणि गाणं कुठल्या विधीचं ते सांगायला लाव. मग सरळ विचार: 'आत्या, हे इंटरनेटवर टाकू का? कुणीही ऐकेल.' तिचा होकारही त्याच फाइलमध्ये येऊ दे. तिला लिहिता-वाचता येत नसेल तरी तिच्या आवाजातला होकार कागदाइतकाच मोलाचा. ती म्हणाली की हे गाणं हळदीच्या मांडवातच गायचं, बाहेर नको, तर तिथेच थांबायचं. चढवण्याआधी तिला एकदा ऐकव. एखादी ओळ चुकली म्हणाली तर पुन्हा घे.

धवले परंपरेचे, त्यांचा एक कवी नाही. पण गाणाऱ्याचा हक्क वेगळा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाचा स्वतंत्र हक्क आला आणि आज तो ५० वर्षं चालतो. बाजारातल्या कोळीगीतांच्या कॅसेटींचं आणखी निराळं. वेसावकर आणि मंडळींची गाणी आपल्या प्रत्येक लग्नात वाजतात, म्हणून ती आपल्या साइटवर चढवता येत नाहीत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. वरातीच्या व्हिडिओत मागे डीजेचं सिनेमातलं गाणं वाजत असेल तर यूट्यूबचं यंत्र ते ओळखतं, आणि तुझ्या व्हिडिओवर दावा लागतो किंवा आवाजच जातो. तो तुकडा कापून टाक.

फाइलचं वजन

ऐकणारीकडे महागडा फोन असेल, असं धरून चालू नकोस. ती पनवेलच्या लोकलमध्ये उभी असेल, दिवसाचा डेटा संपत आलेला असेल. म्हणून वजन कमी कर.

हिशेब सोपा आहे. वेव्ह फाइल, म्हणजे आवाज जसाच्या तसा, मिनिटाला १० एमबी खाते. तीच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये केली की मिनिटाला १ एमबीच्या आत बसते. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएस आणि मोनो पुरे, मिनिटाला अर्धा एमबी. चार मिनिटांचा धवला ४० एमबीवरून ४ वर येतो आणि लोकलमधल्या इअरफोनवर फरक कळत नाही. वेव्ह आपल्याकडे जपून ठेव, साइटवर एमपी३ चढव.

व्हिडिओ मोबाइलवरून जसा निघतो तसा चढवलास तर मिनिटाला १०० एमबीच्या आसपास जातो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे. एमपी४, एच.२६४, उंची ७२० ठेव, मिनिटाला १५ एमबीच्या आसपास येईल. त्यात 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी एक चौकट आहे, तिच्यावर खूण कर. फाइलची अनुक्रमणिका त्यामुळे सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरण्याची वाट न बघता व्हिडिओ सुरू होतो. आयफोनवर शूट करत असशील तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवड, नाहीतर काही फोनांवर नुसता काळा चौकोन दिसेल.

वाड्यातल्या बायांकडून क्लिप मागवशील तेव्हा व्हॉट्सअॅपवर साधी पाठवू देऊ नकोस, ते तिला आवळून टाकतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग, मूळ फाइल जशीच्या तशी येते. फाइलचं नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि जागा न सोडता ठेव. देवनागरी नावाची लिंक पुढे पाठवताना टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते.

पानावर बसवताना

व्हिडिओ स्वतःच्या जागेवर ठेवण्यापेक्षा यूट्यूबवर चढव आणि तिथली खिडकी आपल्या पानात बसव. वर्डप्रेसमध्ये तर यूट्यूबची लिंक एका वेगळ्या ओळीत नुसती चिकटवली तरी खिडकी तयार होते. फक्त घरच्यांना दाखवायचं असेल तेव्हा 'अनलिस्टेड' निवड. पण ते कुलूप नव्हे. लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला दिसतं.

आवाजाची एमपी३ स्वतःच्या साइटवर ठेवलीस तरी चालेल. एचटीएमएल५ आल्यापासून ऑडिओ आणि व्हिडिओ हे ब्राउझरचेच टॅग आहेत. पूर्वी फ्लॅश लागायचं, आता लागत नाही. टॅगमध्ये 'कंट्रोल्स' लिहायला विसरू नकोस, नाहीतर बटणंच दिसत नाहीत. 'प्रीलोड' पुढे 'नन' लिही, म्हणजे ऐकणारीने बटण दाबेपर्यंत तिचा डेटा खर्च होत नाही.

आणि 'ऑटोप्ले' हा शब्द विसरून जा. पान उघडताच आपोआप ढणढण सुरू होणं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या घरात ताशा घेऊन शिरणं. क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना आडकाठी घातली, ती उगाच नाही. ऐकणारी ऑफिसात असेल, कुशीत बाळ झोपलेलं असेल. बटण तिच्या हातात राहू दे. बटणाशेजारी लिही: 'हळदीचा धवला, ४ मिनिटं, ४ एमबी.' मग ती ठरवेल, आत्ता ऐकायचं की घरी वायफायवर.

एका पानावर एकच खिडकी ठेव. दहा व्हिडिओ एकाखाली एक लावलेस तर साध्या फोनवर पानच उघडत नाही.

ईमेलने पाठवताना

ईमेलला फाइल जोडायची आजची पद्धत सुरू झाली तीच मुळी गाण्याबरोबर. ११ मार्च १९९२ रोजी नॅथॅनिएल बोरेनस्टीन यांनी नव्या माइम पद्धतीने पहिलं जोडपत्र पाठवलं, त्यात त्यांच्या चौघांच्या गायक-मंडळाचा फोटो आणि त्यांनीच गायलेलं गाणं होतं. म्हणजे हौस जुनीच आहे.

पण ईमेल मुळात अक्षरांसाठी बांधलेली. गाणं पाठवायचं तर ते अक्षरांत बदलावं लागतं, आणि त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे तीन एमबीचं वजन चार एमबी झालं. म्हणून जीमेलची हद्द २५ एमबीची असली तरी १८ एमबीच्या पुढची फाइल जाईलच असं धरू नकोस. माझं ऐकशील तर ५ एमबीच्या वर जोडूच नकोस. मुंबईबाहेर, परदेशात असलेल्या आपल्या माणसांच्या पेट्या आधीच भरलेल्या असतात.

व्हिडिओची खिडकी ईमेलमध्ये बसवायच्या भानगडीत पडू नकोस. जीमेल आणि आउटलुक ती कापून टाकतात. त्याऐवजी व्हिडिओतलं एक स्वच्छ चित्र घे, त्यावर त्रिकोणी बटण काढ आणि चित्राला पानाची लिंक दे. खाली साध्या अक्षरांतही लिंक लिही, कारण पुष्कळांच्या पेटीत चित्रं बंद असतात. पत्राच्या पहिल्या दोन ओळींत कुणाचा आवाज आहे आणि किती वेळाचा ते सांग. अनोळखी फाइल कुणी उघडत नाही, उघडूही नये.

गाण्याखाली शब्द

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात टिकाऊ आहे. प्रत्येक गाण्याखाली त्याचे शब्द आपल्या बोलीत जसेच्या तसे लिही, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी आणि शोधयंत्रासाठीही. ते अजून मुख्यतः अक्षरांवरच चालतं. आपल्या नातवंडांना बोलीतले निम्मे शब्द कळणार नाहीत, तेव्हा हेच कामाला येईल.

हे कसं करायचं त्याचा नमुना मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर आले आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, त्या ओव्या वेबवर आणते आहे. पान उघडून बघ: गाणारीचं नाव, गाव, तालुका, तारीख, ओवीचे शब्द, भाषांतर आणि आवाज. आपल्याला एवढंच करायचंय, एका गावापुरतं.

मूळ प्रत जप

माझ्या कपाटातल्या कॅसेटी घेऊन जा. स्पीकरसमोर मोबाइल धरून उतरवू नकोस. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायरने थेट कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घे. आधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घे, वर्षानुवर्षं पडून पट्टी चिकटलेली असते. उतरवल्यावर तीन प्रती कर: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक सारसोळ्याबाहेर, क्लाउडवर किंवा माहेरी-सासरी कुणाकडे. यूट्यूबला प्रत म्हणू नकोस. खातं गेलं की सगळं गेलं.

आता लगेच पन्नास गाणी चढवायला घेऊ नकोस. एकच धवला घे, वर सांगितल्याप्रमाणे सगळं कर आणि वाड्यात ज्याच्याकडे सगळ्यात स्वस्त, जुना, काच फुटलेला फोन असेल त्याच्याकडे जाऊन उघडून बघ. त्याच्यावर नीट वाजला तर कुठेही वाजेल. मग गाणाऱ्या आत्याला दाखव, तिच्याशेजारी बसून पूर्ण ऐक आणि ती काय म्हणेल ते लिहून घे. दुसरं गाणं त्यानंतर.