एडन : आठवणी आणि इतिहासाचे प्रश्न

एडन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर प्रथम पडते ते शालेय पुस्तकातून. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेप झाली, त्यांना एडनच्या तुरुंगात पाठवले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले, एवढे आपण पाठ करतो. पण अरबस्तानच्या किनाऱ्यावरचे हे गाव आणि मुंबई इलाखा यांचा संबंध काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. स्थानिक इतिहासाचा अभ्यास अशाच साध्या प्रश्नापासून सुरू होतो.

१९ जानेवारी १८३९ रोजी मुंबई सरकारने पाठवलेल्या फौजेने एडन घेतले. तेव्हापासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चाले. पुढे तो हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि १९३७ साली एडन ही स्वतंत्र वसाहत झाली. म्हणजे फडक्यांना समुद्रापलीकडे नेले, तरी ठेवले ते मुंबई सरकारच्याच अमलाखाली. याच कथेची दुसरी बाजू पाहा. एडनचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन हेन्स याच्या हिशेबात तूट निघाली म्हणून त्याला मुंबईस आणून कैदेत ठेवले. सहा वर्षांनी, १८६० साली, तो सुटला आणि थोड्याच दिवसांत मुंबई बंदरातच वारला. एकाचा अंत एडनला, दुसऱ्याचा मुंबईला. दप्तर मात्र एकच!

१८५० साली एडन हे जकातमुक्त बंदर झाले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर तर विलायतेच्या वाटेवरील आगबोटी कोळशासाठी तेथे थांबू लागल्या. शिपाई, कारकून, गुजराती व्यापारी, पारशी पेढीवाले असे अनेक भारतीय तेथे राहिले. १९३७ पर्यंत टपालास हिंदुस्थानची तिकिटे लागत आणि १९५१ पर्यंत बाजारात रुपया चाले. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्रज गेले आणि ही वस्तीही हळूहळू विखुरली. तेथील पारशी अग्यारीतील पवित्र अग्नी १९७६ साली विमानाने आणून लोणावळ्यास ठेवला गेला. लोणावळ्यास जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे?

आता आठवणींविषयी. एकाच गावाच्या आठवणी एकसारख्या नसतात. १९६७ च्या जूनमध्ये एडनचा क्रेटर हा जुना भाग इंग्रजांच्या हातून गेला आणि जुलैच्या आरंभी त्यांनी तो परत घेतला. इंग्रज सैनिक हे आपल्या पलटणीचा पराक्रम म्हणून सांगेल. एडनचा रहिवासी त्याच दिवसांना मुक्तिलढ्याचे दिवस म्हणेल. इंग्रजांचे स्टीमर पॉइंट ते रहिवाशांचे तवाही. नाव बदलले की सांगणारा कोण, हे कळते. फडक्यांच्या अखेरीविषयीही कोणी अन्नत्याग सांगतात, तर कोणी क्षयरोग. अशा वेळी आवडेल ती कथा खरी मानणे हा इतिहास नव्हे.

मग अभ्यासकाने काय करावे? प्रथम, ‘तेव्हा कसे होते?’ असे मोघम न विचारता, ‘घर कोणत्या भागात होते? पाणी कोठून येई? शेजारी कोण? पगार कोणत्या नाण्यात मिळे?’ असे विचारावे. दुसरे, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे नोंदवावे. तिसरे, त्याला कागदाची जोड द्यावी. जुनी पत्रे, पारपत्रे, छायाचित्रे घरोघरी असतात. एडनच्या रेसिडेन्सीचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मात्र सरकारी कागदही एका बाजूचीच साक्ष असतो. त्यात कैद्याचा क्रमांक सापडेल, त्याच्या मनातले सापडणार नाही.

१९६७ साली विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. २०१५ साली एडनमध्ये पुन्हा लढाई झाली. लढाईत घरे जळतात तेव्हा घरातले कागदही जळतात. दप्तर उद्याही उघडता येईल. माणूस मात्र उद्या भेटेलच असे नाही. म्हणून ज्यांच्या घरी एडन, नैरोबी वा रंगूनहून परतलेले आजी-आजोबा असतील, त्यांनी या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. परीक्षेत त्याला गुण नाहीत. पण इतिहासाचा खरा पाठ तोच आहे.