हिरवा ठिपका आणि ३.९ अंश

मंगळवारी सकाळी पावणेदहाला शिपाईमामांनी सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरले. "साहेब, आत भट्टी पेटलीय," एवढंच म्हणाले. आत डोकावलो तर तोंडावर झळ आली. एसी बंद, मुख्य स्विचवरचे सगळे दिवे विझलेले, यूपीएसची एक बॅटरी टम्म फुगलेली. बाहेर काउंटरसमोर पिग्मी एजंटांची रांग लागली होती. दोन दिवसांचं कलेक्शन भरायचं होतं आणि एकाही शाखेचा मुख्य कार्यालयाशी संपर्क नव्हता.

आमची पतसंस्था तालुक्याच्या गावातली. नेटवर्क सांभाळणारा माणूस एकच, तो मी. महाराष्ट्र दिन सोमवारी आल्यामुळे रविवार धरून दोन दिवस कार्यालय बंद होतं. रविवारी दुपारी वळीव झाला, तासभर लाइट गेली. यूपीएस बॅटरीवर गेल्याचा आणि नंतर लाइट आल्याचा, असे दोन्ही मेसेज मला बरोबर आले. यूपीएसने आपलं काम चोख केलं. एसी मात्र रिमोटवर चालणारा साधा स्प्लिट. लाइट आल्यावर तो आपणहून सुरू होत नव्हता आणि हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

रात्री जेवणानंतर मी घरून व्हीपीएनने जोडून मोबाइलवर सगळे सेन्सर पाहिले. सगळे हिरवे. तापमानाचाही हिरवा. निर्धास्त झोपलो. नंतर नोंदी काढल्या तेव्हा कळलं, त्या क्षणी सेन्सर ३.९ अंश दाखवत होता. मे महिन्याच्या तोंडावर, बंद खोलीत, चालू सर्व्हरशेजारी ३.९ अंश! शाळेतल्या पोरालाही हसू आलं असतं. पण मी आकडा पाहिलाच नव्हता. रंग पाहिला होता.

हा सेन्सर मीच बनवलेला. पीआरटीजी, झॅबिक्स, लिब्रेएनएमएस यांसारख्या प्रणालींत ओळखीच्या उपकरणांसाठी तयार साचे असतात. साच्यात नसलेली गोष्ट मोजायची असेल तर आपण स्वतः सेन्सर घडवायचा. उपकरण एसएनएमपीने उत्तर देतं. प्रत्येक मापाला ओआयडी नावाचा एक लांबलचक क्रमांक असतो आणि तो कशाचा हे एमआयबी नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. क्रमांक द्यायचा, आलेल्या आकड्याला कशाने भागायचं ते सांगायचं, धोक्याची मर्यादा घालायची. दहा मिनिटांचं काम. घात होतो तो या दहा मिनिटांतच.

दिवाळीत आम्ही यूपीएस बदलला. जुना यूपीएस तापमान दशांशात द्यायचा, म्हणजे २८४ म्हणजे २८.४ अंश. त्यामुळे सेन्सरमध्ये '१० ने भागा' असं लिहिलेलं होतं. नव्या यूपीएसचं कार्ड १९९४ सालच्या आरएफसी १६२८ या प्रमाण एमआयबीनुसार उत्तर देणारं. मी ओआयडी बदलला, १.३.६.१.२.१.३३.१.२.७.० असा घातला आणि भागाकार तसाच ठेवला. आधी पडताळलं नाही असं नाही. त्याच गटातला पाच नंबरचा ओआयडी बॅटरीच्या व्होल्टेजचा. तो पाहिला, तो दशांशातच होता. मग तापमानही तसंच असणार, असं मी गृहीत धरलं. पण एकाच घरातली ही दोन भावंडं वेगळ्या वळणाची निघाली. त्या एमआयबीत व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या हिशेबाने येतं आणि तापमान सरळ पूर्ण अंशांत. खरे २७ अंश माझ्या पडद्यावर २.७ झाले. इशारा ३५ ला लावलेला होता. तो वाजायला खोलीचं तापमान ३५० अंशांवर जावं लागलं असतं.

नोव्हेंबर ते एप्रिल हा आलेख पडद्यावर होता. सहा महिन्यांत एकदाही मला वाटलं नाही की आपल्या सर्व्हर रूममध्ये फ्रिजइतकी थंडी कशी?

दुसरी चूक याहून साधी. देखरेख करणारा सर्व्हर त्याच खोलीत होता आणि त्याचे मेसेज त्याच स्विचमधून बाहेर जात होते. सोमवारी पहाटे उष्णतेने स्विच बंद पडला, तेव्हा ओरडणाऱ्याचा गळाच दाबला गेला. सोमवारभर एकही मेसेज आला नाही. त्या शांततेचा अर्थ मी 'सगळं ठीक' असा लावला.

नुकसान मोजलं तर एक स्विच, एक बॅटरी, सर्व्हरची एक डिस्क आणि शाखांचा अर्धा दिवस. त्याहून जास्त लागला तो अध्यक्षांचा प्रश्न. "आपण यासाठीच तर ती सिस्टीम घेतली होती ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी एकेक करून सगळे हाताने बनवलेले सेन्सर तपासले. जे हाती लागलं ते इथे सांगतो, म्हणजे तुमच्यावर तरी ही पाळी येऊ नये.

पहिली गोष्ट एककाची. ओआयडी सापडला की लगेच सेन्सर बनवू नका. एमआयबीत त्याच्यासमोर लिहिलेलं एकक आणि प्रकार वाचा. मग प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहा. तापमान असेल तर शेजारी थर्मामीटर ठेवा, व्होल्टेज असेल तर मल्टिमीटर लावा. पडद्यावरचा आणि हातातला आकडा जुळला, तरच पुढे जा. उपकरण बदललं किंवा फर्मवेअर अपडेट केलं, की हेच पुन्हा करायचं.

मर्यादा दोन्ही बाजूंनी घाला. माझ्या सेन्सरला 'वर ३५' एवढीच अट होती. 'खाली १५' ही दुसरी असती तर तो दिवाळीतच लाल झाला असता. अशक्य आकडा हाही बिघाडच असतो. स्थिती सांगणाऱ्या आकड्यांना तर 'पेक्षा जास्त' ही अट लावूच नका. त्याच यूपीएस एमआयबीत आउटपुट कुठून येतंय हे सांगताना ३ म्हणजे नेहमीचा पुरवठा, ५ म्हणजे बॅटरी आणि २ म्हणजे आउटपुटच नाही. '३ पेक्षा जास्त झालं तर सांग' असं लिहिलंत, तर सगळ्यांत वाईट स्थिती हिरवी दिसेल. तिथे प्रत्येक आकड्याचा अर्थ वेगळा नोंदवा.

गेज आणि काउंटर यांत गल्लत करू नका. तापमान हे गेज, आत्ता जे आहे ते. पोर्टवरून गेलेला डेटा हा काउंटर, रिक्षाच्या मीटरसारखा वाढत जाणारा, म्हणून दोन वाचनांतला फरक घ्यावा लागतो. त्यातही ३२ बिटांचा काउंटर भरला की पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वापरात असेल तर तो साधारण पावणेसहा मिनिटांत भरतो, एक जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी एकदा वाचाल तर आलेख निव्वळ काल्पनिक. वेगवान पोर्टसाठी ६४ बिटांचे काउंटर घ्या. ते एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाहीत, व्ही२सी किंवा व्ही३ लागते. उपकरण किती वेळ चालू आहे हे सांगणारा आकडाही असाच ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. त्या दिवशी 'राउटर रीस्टार्ट झाला' असा मेसेज आला तर धावत सुटू नका, आधी उपकरणाच्या नोंदी पाहा.

पोर्ट क्रमांकाने बांधू नका. स्विच रीस्टार्ट झाला किंवा नवं कार्ड बसवलं, की पोर्टचे आतले क्रमांक बदलू शकतात. आमच्या एका शाखेच्या नावाखाली कित्येक दिवस बैठकीच्या खोलीतल्या वायफायचा आलेख दिसत होता. पोर्टला कॉन्फिगरेशनमध्ये नाव द्या आणि सेन्सरला त्या नावाने शोधायला सांगा.

स्क्रिप्ट लिहून सेन्सर बनवत असाल तर एक पथ्य पाळा. उत्तर आलं नाही तर शून्य छापू नका. 'शून्य' आणि 'माहीत नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. उत्तर नसेल तर स्क्रिप्टने चूक म्हणूनच बाहेर पडलं पाहिजे.

इशारे मोजके ठेवा. एका झटक्यात ओरडणारा सेन्सर आठवड्यात म्यूट होतो. आता आमच्याकडे तापमान ३२ च्या वर पाच मिनिटं राहिलं तर सूचना, ३६ ला फोन, आणि ३० च्या खाली आल्यावरच सुटका. हा फोन सिमकार्डच्या वेगळ्या मोडेममधून जातो, स्विचवर अवलंबून नाही. शिवाय एका शाखेतला जुना संगणक दर पाच मिनिटांनी मुख्य कार्यालय जिवंत आहे का ते पाहतो. पहारेकऱ्यावरही पहारा लागतो.

जाता जाता सुरक्षेचं. 'पब्लिक' हा कम्युनिटी शब्द अजून तसाच असेल तर आजच बदला. व्ही१ आणि व्ही२सीमध्ये तो उघडा प्रवास करतो. उपकरण व्ही३ समजत असेल तर तेच वापरा, परवानगी फक्त वाचनाची द्या आणि तीही देखरेखीच्या एकट्या सर्व्हरलाच.

या सगळ्यांत एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हणाल तर ती ही. हिरवा रंग म्हणजे सगळं ठीक आहे असं नव्हे. काहीतरी आकडा आला आणि तो आपण घातलेल्या अटीत बसला, एवढंच तो सांगतो. अट चुकीची असेल तर रंग खोटं बोलतो, तेही आपल्याच शब्दांत. म्हणून नवा सेन्सर मी आता एकदा ओरडल्याशिवाय कामावर घेत नाही. मर्यादा मुद्दाम आत्ताच्या तापमानाखाली आणायची, फोन वाजतो का पाहायचं आणि मग मर्यादा जागेवर न्यायची. दोन मिनिटं लागतात.

सर्व्हर रूमच्या भिंतीवर आता एक साधा थर्मामीटर टांगला आहे. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी मामा त्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात, मी पडद्यावरचा वाचतो आणि दोन्ही वहीत लिहितो. तुमच्याकडे स्वतः बनवलेला एखादा सेन्सर असेल आणि तो आजवर कधीच लाल झाला नसेल, तर आज घरी जाण्याआधी त्याला एकदा लाल करून बघा. फोन वाजला नाही, तर तो सेन्सर तुमच्याकडे नाहीच असं समजा.